लसूण निघेपर्यंत

टेंभुर्णी, ता. जाफराबाद
रविवार, दि. १२ ऑक्टोबर २०२५
सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे

आदरणीय ताराकाकू यांस,
रामप्रसादचा नमस्कार.

मागच्या पायरीवर बसून लसणाचे गड्डे फोडत होतो. ते काम अर्धवट ठेवून लिहायला घेतलं आहे.

परसातले चारही वाफे तयार आहेत. माती दोनदा खणली, ढेकळं फोडली, लेंडीखत मिसळलं. पाऊस लांबल्यामुळे जमीन ओली होती. आता मुठीत दाबली तर गोळा होतो आणि हात उघडला की फुटतो. माझ्या समजुतीप्रमाणे ही योग्य वेळ आहे. बियाणं तुम्ही कोठीच्या खोलीत टांगून गेलात तेच आहे. मोठे गड्डे निवडले, आणि त्यातल्याही बाहेरच्या मोठ्या पाकळ्या. साल काढलेली नाही. टोक वर ठेवायचं आणि चार बोटं अंतर, हे लक्षात आहे. तुमचं उत्तर तीन-चार दिवसांत आलं नाही तर मात्र मी लावायला सुरुवात करीन, कारण फोडलेल्या पाकळ्या फार काळ ठेवता येत नाहीत.

दुसरी गोष्ट. काल दुपारी मोटारसायकलवर दोन माणसं आली. त्यांच्याजवळ मोजायची टेप होती. मी विचारलं, “कोण पाहिजे?” त्यांच्यातले जाडसर गृहस्थ म्हणाले, “पाहिजे कुणी न्हाई. निखिलसाहेबांनी पाठवलंय. जरा टेपचं टोक धर बरं.” मी धरलं. धरायला नको होतं का, ते कळवा.

त्यांनी घर, परस आणि रस्त्यापर्यंतची जागा मोजली. मग विचारलं, “बोअरला पाणी राहतं का?”

“एप्रिलपर्यंत राहतं.”

“बिलकुल खरं सांगून राह्यला का?”

“मे महिन्यात टँकर लागतो,” असं मी सांगितलं. त्यावर ते सोबत्याला म्हणाले, “पोरगं बराबर आहे. याला ठेवून घेऊ.”

हे आईने ऐकलं. तेव्हापासून ती मला सारखी विचारते आहे, “राम्या, तुला घरासंगं इकलं का काय रं त्यांनी?” तुम्ही पुण्याला गेल्यापासून किल्ली माझ्याकडे आहे, पण घराबद्दल विचारायला अजून कुणी आलं नव्हतं. काय समजायचं ते कळवावं.

आपला,
रामप्रसाद

---

पुणे
१७ ऑक्टोबर २०२५

चि. रामप्रसाद,
अनेक आशीर्वाद. आसराबाईंना माझा नमस्कार सांग, आणि तुला कुणी विकलेलं नाही हेही सांग.

टेप धरलीस ते बरं केलंस. नसती धरलीस तर त्यांनी चुकीचं मोजलं असतं.

निखिल घर विकायचं म्हणतो. ते गृहस्थ जाफराबादचे, खत-बियाण्यांचं दुकान काढायचं म्हणतात. निखिलचं बोलणं अगदीच खोटं आहे असं नाही. गेल्या वर्षी श्रावणात मी न्हाणीत पडले, तुला आठवतच असेल. दार आतून बंद. आसराबाई बाहेरून “आले, आले” म्हणत होत्या म्हणे. मला ते ऐकू आलं नाही, म्हणून मी ओरडतच राहिले. ज्याची आई अशी पडते त्याला घर नकोसं झालं तर त्यात नवल नाही.

पण प्लॉट घेताना तुमच्या डॉक्टरसाहेबांनी तो माझ्या नावावर घेतला होता. उभा जन्म त्यांनी गुराढोरांना इंजेक्शनं दिली, कागदाचं काम एवढं एकच धड केलं. त्यामुळे निखिलला माझी सही लागते. गेल्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, “लसूण निघेपर्यंत थांब. हे बियाणं माझ्या आईने जांबहून दिलेलं आहे. एकदा लावते, काढते, हातात घेते, मग म्हणशील तिथे सही.” तो म्हणाला, “किती दिवस लागतात लसणाला?” मी म्हटलं, “लसणालाच विचार.” त्याने मोबाइलला विचारलं. चार-पाच महिने, असं आलं. म्हणाला, “ठीक आहे, लसूण निघाला की सही.” स्वरासमोर शब्द दिलाय, नात साक्षीदार आहे.

तेव्हा तू आत्ता लावू नकोस. दिवाळी होऊ दे. तुळशीचं लग्न होऊ दे. पाकळ्या मातीत गेल्या की दिवस मोजायला लागतील. बाहेर आहेत तोवर घर आहे.

फोन मात्र करू नकोस. मला ऐकू येईल एवढ्या आवाजात तू बोललास तर सगळ्या सोसायटीला कळेल, मी सोडून.

तुझी,
काकू

---

टेंभुर्णी
शुक्रवार, दि. २४ ऑक्टोबर २०२५
सायंकाळी सव्वापाच

आदरणीय काकू यांस, नमस्कार.

आपलं पत्र पाडव्याच्या दिवशी मिळालं. पहिला वाफा मी १६ तारखेला लावून टाकला होता. चूक झाली. पत्र वाचल्यावर लगेच परसात जाऊन पाहिलं. कोंब वर आले होते.

उपटून पाकळ्या वाळवून ठेवता येतील का, असा विचार केला. मुळं फुटलेली पाकळी पुन्हा लावली तर धरेल की नाही हे मला माहीत नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, “लावलेलं कुणी उपटतं व्हय? त्याला काय ठावं घर इकाय काढलंय ते.” तुम्ही सांगाल तसं करीन. बाकीचे तीन वाफे मोकळे ठेवले आहेत.

एक सांगणं आवश्यक वाटतं. लावणी जितकी उशिरा, तितका गड्डा लहान. डिसेंबरमध्ये लावला तर नुसती पात येते, गड्डा धरेलच असं नाही. म्हणून लसूण चांगला हवा असेल तर थांबणं योग्य नाही. घर थांबवायचं असेल तर गोष्ट वेगळी आहे. यात माझं मत निःपक्ष धरू नये. घर गेलं तर आम्हा मायलेकरांना मागची खोली सोडावी लागेल. म्हणजे उशीर होण्यात माझाही फायदा आहे. हे आधी लिहिलेलं बरं.

आपला,
रामप्रसाद

---

पुणे
३१ ऑक्टोबर २०२५

चि. रामप्रसाद,
आशीर्वाद.

आसराबाईंचं ऐक. उपटू नकोस.

तुझ्या चुकीवर मी दोन दिवस विचार केला आणि मला त्यातून रस्ता सापडला. निखिल “लसूण निघाला की” असं म्हणालाय. कुठला वाफा ते म्हणाला नाही. तेव्हा पहिला लागला तो लागला. दुसरा तुळशीच्या लग्नानंतर लाव. तिसरा त्यानंतर पंधरा दिवसांनी. चौथा डिसेंबरात. चौथ्याला गड्डा धरणार नाही हे मला ठाऊक आहे. ज्याला गड्डाच धरत नाही तो निघणार कधी? हाच तर मुद्दा आहे.

हसू नकोस. एकाहत्तराव्या वर्षी माणसाला कपट करायला फार साधनं उरत नाहीत.

दिवाळी बरी झाली. इथे लसूण सोललेला मिळतो, पिशवीत. मधुवंतीने फोडणीत टाकला, मी शेजारीच उभी होते, पण वास आला नाही. म्हटलं, कान गेलेच होते, आता नाकही गेलं वाटतं. स्वराला विचारलं तर तिने मान हलवली, तिलाही येत नव्हता. मला फार बरं वाटलं. मधुवंती करते सगळं, सून म्हणून तिला नावं ठेवायला जागा नाही. माझ्या खोलीला खिडकी आहे. खाली गाड्या उभ्या असतात.

वाफ्यांचं नीट लक्षात ठेव. घोळ घालू नकोस.

काकू

---

टेंभुर्णी
बुधवार, दि. ३ डिसेंबर २०२५
सकाळी सात

आदरणीय काकू यांस, नमस्कार.

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. घडलं ते क्रमाने लिहितो.

दुसरा वाफा ५ नोव्हेंबरला आणि तिसरा २० नोव्हेंबरला लावला. तुम्ही घोळ घालू नकोस असं लिहिलं होतं, म्हणून मी डब्याच्या पत्र्याचे चार तुकडे कापून त्यावर रंगाने लिहिलं आणि प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी रोवले. वाफ्याचा क्रमांक, लावणीची तारीख, काढणीची अंदाजे तारीख. चौथा वाफा अजून लावायचा होता, तरी त्याचीही पाटी तयार होती म्हणून रोवून ठेवली.

रविवारी निखिलदादा त्या गृहस्थांना घेऊन अचानक आले. घर दाखवून झाल्यावर परसात आले. मी चहा सांगायला आत गेलो होतो. परत आलो तेव्हा दादा चौथ्या पाटीपाशी उभे होते. पाटीवर असं आहे: “वाफा ४. लावणी ५ डिसेंबर. काढणी एप्रिलअखेर. गड्डा न धरण्याची शक्यता.”

दादा म्हणाले, “रामप्रसाद, गड्डा धरणार नाही तर लावतोयस कशाला?”

मी म्हणालो, “काकूंनी सांगितलं आहे.”

“आणि हे पंधरा-पंधरा दिवसांनी?”

“तेही.”

ते गृहस्थ हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी चारही पाट्यांचे फोटो काढले. आईने चहा दिला. तिला वाटलं दादांना लसूण आवडला, म्हणून म्हणाली, “निखलबाबा, पाती न्हे की चटणीला.” त्यांनी एक जुडी नेली.

दादा जाताना माझ्यावर रागावले नाहीत. “अक्षर छान आहे तुझं,” एवढंच म्हणाले. पाट्या काढून टाकल्या आहेत. उशीर झाला हे मान्य आहे. चौथा वाफा लावायचा की नाही, ते कळवावं.

आपला,
रामप्रसाद

---

पुणे
९ डिसेंबर २०२५

चि. रामप्रसाद,

फोटो जेवणाच्या टेबलावर दाखवण्यात आले. आधी मधुवंतीला, मग स्वराला, शेवटी मला. तुझ्या पातीची चटणी ताटात होती. चांगली झाली होती.

तुझं अक्षर चांगलं आहे हे मी गावभर सांगत असे. आता पुण्यातही माहीत झालं.

निखिल म्हणाला, आता पहिला वाफा धरायचा. तो निघाला की सही. फेब्रुवारीअखेर, तुझ्याच पाटीप्रमाणे. मी हो म्हटलं. पकडल्यावर माणूस हो म्हणतो.

चौथा लावू नकोस. आता हसं होईल.

काकू

---

टेंभुर्णी
गुरुवार, दि. ८ जानेवारी २०२६
दुपारी अडीच

आदरणीय काकू यांस, नमस्कार.

पहिला वाफा गुडघ्याला लागतो आहे. पाणी आठ दिवसांनी देतो. दुसरा बरा आहे, तिसरा बारीक आहे. चौथ्यात मेथी टाकली.

सोमवारी ते गृहस्थ पुन्हा आले होते. सोबत वेल्डिंगवाला होता, शटरचं माप घ्यायला. मी म्हणालो, “काकूंनी अजून सही केलेली नाही.” ते म्हणाले, “करतील की. दसऱ्याच्या दिवशी मी निखिलसाहेबांना दोन लाख इसार देल्ता. साध्या कागदावर पावती आहे. सहा महिन्यांची मुदत. मार्चअखेर रजिस्ट्री.”

मी विचारलं, “लसूण निघाल्यावर असं ठरलं होतं ना?”

“लसूण-बिसूण मला काय ठावं न्हाई, बाबा. मला कुणी लसणाचं बोललंच न्हाई.”

हे तुम्हाला कळवावं की नाही याचा विचार केला. न कळवणं जास्त चुकीचं वाटलं. तुम्ही निखिलदादांना लसणाचं म्हणालात ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. दसरा त्याच्या आधी झाला. म्हणजे तुम्ही थांबवण्याच्या आधीच मुदत ठरली होती, आणि लसूण त्या मुदतीच्या आत बसत होता म्हणून दादा हो म्हणाले. माझी समजूत चुकीची असेल तर क्षमा असावी.

आणखी एक विचारतो. हे विचारणं माझ्या पायरीला धरून नाही. तुमची सगळी पत्रं मी पुन्हा वाचली. कधी लावायचा, कधी काढायचा, निखिलदादांनी काय शब्द दिला, हे सगळं त्यांत आहे. तुम्हाला इथे येऊन राहायचं आहे, असं कुठेच लिहिलेलं नाही. मी ते धरून चाललो होतो. निखिलदादांना तुम्ही तसं सांगितलं आहे का?

आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “असं कुणी पुसतं व्हय म्हाताऱ्या माणसाला?” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पूस. मलाबी कळू दे.”

आपला,
रामप्रसाद

---

पुणे
१७ जानेवारी २०२६

चि. रामप्रसाद,
आशीर्वाद. तिळगूळ पाठवला नाही, फुटतो.

तुझं पत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी आलं. सण जाऊ दिला. काल रात्री जेवणं झाल्यावर मी निखिलला विचारलं, “इसार घेतलास?”

स्वराचा एक पांढरा फळा आहे, त्यावर पेनने लिहून ही मंडळी माझ्याशी बोलतात. मी तोंडाने बोलते, ते फळ्यावर. निखिलने लिहिलं, “घेतला. फ्लॅटचा हप्ता थकला होता. सांगणार होतो.”

“कधी?”

त्याने लिहिलं, “लसूण निघाल्यावर.”

रामप्रसाद, मला हसू आलं. त्यालाही आलं असावं, कारण त्याने तोंड फिरवलं. मग मी म्हटलं, “निखिल, मला तिथे राहायचंय.”

त्याने लिहिलं, “हे तू आज पहिल्यांदा म्हणते आहेस.”

“तू कधी विचारलंस?”

त्याने तळहाताने फळा पुसला आणि लिहिलं, “तू न्हाणीत पडलीस त्या रात्री मी सात तास गाडी चालवत होतो. आसराबाई काय सांगतायत ते मला फोनवर नीट कळत नव्हतं. तू आहेस की नाहीस तेही.” एवढं लिहायला फळा पुरला नाही, शेवटचे शब्द त्याने कडेला उभे लिहिले.

आईला एवढ्या लांबून सांभाळणं काय असतं ते मला माहीत नाही. माझी आई जांबला माझ्या भावाकडे होती, मी फक्त लसूण घेऊन आले.

तू विचारलंस ते योग्य केलंस. मी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, एकदा तोंडातून बाहेर पडलं की काहीतरी होईल. मधुवंतीने दूध विरजायला ठेवलं आणि सगळे झोपायला गेले.

सकाळी मी निखिलला म्हटलं, सही करीन. २६ फेब्रुवारीला, गुरुवारी, आम्ही दोघं येतो. शुक्रवारी सकाळी पहिला वाफा काढू आणि मग जाफराबादला कचेरीत जाऊ. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाणी तोड. माना पडल्या की काढायच्या आधी पंधरा दिवस पाणी देऊ नये, गड्डा टिकत नाही.

तुमच्या खोलीचं मी निखिलशी बोलेन. ते गृहस्थ तुला ठेवून घेतो म्हणाले होते, त्यांना आता खरंच विचार.

काकू

---

पुणे
११ मार्च २०२६

प्रिय रामप्रसाद,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण आई व्हिडिओ कॉल उचलते, हात हलवते आणि मोबाइल डब्याला टेकवून भाजी निवडायला बसते. प्रश्न लिहून दाखवला तर चष्मा नाही म्हणते. चष्मा डोळ्यांवर असतो.

२७ तारखेला मी जाफराबादला कचेरीबाहेर सकाळी अकरापासून चार वाजेपर्यंत उभा होतो. ते गृहस्थ, त्यांचे दोन साक्षीदार आणि मी. तुला फोन केला तेव्हा तू “वाफा चालू आहे” एवढंच म्हणालास. चार वाजता मी तिथूनच परस्पर पुण्याला निघालो. घरी आलो असतो तर आईसमोर नको ते बोललो असतो.

ती विसरली असेल तर मी समजू शकेन. वय आहे. पण मला नक्की काय झालं ते कळायला हवं. तू सकाळपासून तिथे होतास. जसं झालं तसं लिही. मत नको.

इसाराचं पुढे काय झालं? ते गृहस्थ माझा फोन उचलत नाहीत. खर्चाचा हिशेबही कळव.

मी रागावलेलो नाही असं आईला सांगू नकोस. रागावलो आहे.

निखिल

---

टेंभुर्णी
शुक्रवार, दि. २० मार्च २०२६
सकाळी साडेसहा

आदरणीय निखिलदादा यांस, नमस्कार.

आपलं पत्र १७ तारखेला मिळालं. काल पाडवा होता, म्हणून आज लिहितो. जसं झालं तसं लिहितो.

२७ तारखेला तुम्ही नऊ वाजता तुमच्या गाडीने पुढे गेलात. काकूंसाठी साडेदहाला जीप सांगितली होती. काकूंनी जायची साडी नेसली होती. पिशवीत आधारकार्ड, फोटो, पेन सगळं होतं, ते मी स्वतः तपासलं होतं. वेळ होता म्हणून त्या पाट घेऊन वाफ्यात बसल्या. साडीवर आईचा जुना टॉवेल घेतला. मी खुरप्याने बाजूची माती सैल करायची, त्यांनी मानेला धरून गड्डा उपसायचा, माती झटकायची आणि ओळीने ठेवायचा, असं चाललं होतं. गड्डे चांगले भरले होते.

साडेदहाला जीप आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. त्यांना तो ऐकू गेला नाही. मी हाताने खूण केली. त्या म्हणाल्या, “ही ओळ होऊ दे.” ती ओळ झाल्यावर त्यांनी पुढची धरली. पुन्हा हॉर्न वाजला. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “वाजवतोय का?”

मी मान हलवली.

“जोरात?”

“हो.”

“बहिरेपण पहिल्यांदाच उपयोगी पडलं बघ,” असं म्हणून त्यांनी पुढचा गड्डा उपसला.

तेव्हा तुमचा पहिला फोन आला. मी जे दिसत होतं ते सांगितलं. थोड्या वेळाने ड्रायव्हर परसात आला आणि आईला म्हणाला, “मावशी, म्हातारीला जल्दी उठवा की, मला दुसरं भाडं आहे.” आई म्हणाली, “मंग जा तू. बाईच्या मांडीवर लसूण बसलाय, दिसत न्हाई का?” तो बारा वाजेपर्यंत थांबला आणि पैसे घेऊन गेला.

वाफा दुपारी पावणेदोनला पूर्ण झाला. त्यानंतरही दुसरी जीप मिळाली असती. मी तसं कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं. हात धुतले, टॉवेल झटकला, पिशवीतलं पेन काढून मला दिलं आणि म्हणाल्या, “हे तुला वापरायला ठेव. निखिलने विचारलं तर सांग, विसरले नाही. गेले नाही.”

एवढंच झालं. मग त्या जेवल्या आणि झोपल्या.

तुम्ही मत नको म्हणालात, म्हणून देत नाही. त्या दिवसानंतर जे केलं ते कळवतो. आई रात्री मधल्या खोलीत झोपते. न्हाणीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. भिंतीला धरायला दांडा बसवला. दारावरची घंटी दाबली की स्वयंपाकघरात आणि काकूंच्या खोलीत दिवा लागतो, असं मिथुन इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. काकूंनी पहिल्या दिवशी मला वीसेक वेळा बाहेर पाठवून घंटी दाबायला लावली.

इसाराबद्दल. ते गृहस्थ ५ तारखेला आले. ओट्यावर बसून म्हणाले, “बाई, इसार मोडला तर दुप्पट द्यावा लागतो.”

काकू म्हणाल्या, “मोठ्याने बोला.”

त्यांनी मोठ्याने सांगितलं. काकू म्हणाल्या, “अजून.” तिसऱ्यांदा ते “दुप्पट” म्हणेपर्यंत रस्त्यावर माणसं थांबली होती. द्वारकाबाई गिरणीतून पिठाचा डबा घेऊन चालल्या होत्या, त्या म्हणाल्या, “कुणाकडं मागून राह्यलात हो दुप्पट? डॉक्टरसाहेबाच्या बाईकडं? तुमच्या म्हशीचं रेडकू आडवं आल्तं तवा कोण आल्तं रातच्याला?” ते गृहस्थ ओट्यावरून उठले. मग म्हणाले, “जाऊ द्या. दिला तेवढाच द्या.” काकूंना हे वाक्य पहिल्याच वेळी ऐकू आलं.

तुम्ही रागावलेले नाही, असं मी त्यांना सांगितलेलं नाही. तुमचं पत्र त्यांना वाचायला दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, “अकरा ते चार उभा होता? तिथे सावली आहे का रे?” मी चौकशी केली. कचेरीसमोर लिंबाचं झाड आहे, असं कळवलं.

दुसरा वाफा रामनवमीच्या सुमारास निघेल. स्वराला सुटी लागली की आणावं, असं त्यांचं म्हणणं आहे. तुम्हाला यायचं असेल तर या, असंही लिहायला सांगितलं. हे दुसरं वाक्य त्यांनी थोड्या वेळाने सांगितलं.

हिशेब खालीलप्रमाणे.

दोन दिवे, वायर, मिथुनची मजुरी: १,१५० रुपये
न्हाणीतला दांडा, बसवून: ६४० रुपये
२७ फेब्रुवारीची जीप, थांबल्याबद्दल: ९०० रुपये
एकूण खर्च, काकूंच्या पेन्शनमधून: २,६९० रुपये

इसार घेतलेला: २,००,००० रुपये
काकूंच्या ठेवीतून परत दिले, पावती घेतली: १,४०,००० रुपये
देणे बाकी, मुदत दिवाळीपर्यंत, काकूंच्या नावे: ६०,००० रुपये

निखिलदादांकडून येणे: काही नाही.